वाफा, वई आणि खुराडं

परसबागेची माहितीपत्रकं एका खात्याची आणि कोंबड्यांची दुसऱ्या खात्याची. पहिलं सांगतं, भाजीच्या वाफ्यांजवळ कोंबडी फिरकू देऊ नका. दुसरं सांगतं, कोंबड्या परसात मोकळ्या सोडा, किडे खातील, खत देतील, खाद्याचा खर्च वाचेल. रत्नागिरी जिल्ह्यात ही दोन्ही पत्रकं बरेचदा एकाच बाईच्या हाती पडतात, आणि तिचं परस एकच असतं. पत्रकं आपापल्या जागी खरीच आहेत. मधला व्यवहार मात्र दोघांनी तिच्यावर सोडलाय.

हा व्यवहार कसा जमतो आणि कुठे फसतो, ते पाहायचं तर आधी इथली जमीन पाहावी लागते. जांभ्याची तांबडी माती, खाली कातळ, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. एवढं पाणी मातीतला चुना धुऊन नेतं आणि माती आंबट होते. त्यातून जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, तो झाडाला मिळू देत नाहीत. मग एप्रिल-मे आला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. ‘रोजची परसबाग’ हा शब्द बारमाही पाण्याच्या हिशेबातला. इथे बाग ऋतूप्रमाणे जागा बदलते. पावसाळ्यात घराच्या चहूबाजूंनी मांडव, त्यांवर पडवळ, शिराळी, कारली, दुधी, काकडी. भात कापून झालं की शेतातल्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी आणि विहिरीजवळ माठ-मुळ्याचे वाफे. उन्हाळ्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर तग धरणारं अळू, दोन केळी, शेवगा आणि कढीलिंबाचं झाड, बस्स.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२, आता डॉ. बाळासाहेब सावंतांच्या नावाचं) या हवेसाठी वाण काढले आहेत. कारल्याचा कोकण तारा, शिराळ्याचा कोकण हरिता, अळवाचा कोकण हरितपर्णी, वालाचा कोकण भूषण. बियाणं चांगलं आहे. मात्र वाफ्यात कोंबडी शिरली तर तिला वाण कळत नाही.

सगळ्या परसांत कोंबडी नव्हती, हेही सांगायला हवं. किनाऱ्यालगतच्या ब्राह्मणांच्या आगरांत नारळी-पोफळी, मिरवेल, जायफळ, केळी सगळं होतं, खुराडं नव्हतं. खुराडं कुणब्यांच्या, भंडाऱ्यांच्या, खारव्यांच्या, मुसलमानांच्या घरी. आगराची नीट निगा कशी राखावी ते ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांना कोंबडीची अडचण कधी सोसावी लागली नाही. ज्यांनी ती पिढ्यानपिढ्या सोसली आणि तोडगे काढले, त्यांनी ते लिहिले नाहीत. कोंबड्या सांभाळून भाजी कशी करावी याचं ज्ञान कोकणात मुबलक आहे आणि छापील स्वरूपात फारच थोडं, त्याचं कारण मला हे वाटतं.

नुकसान होतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कोंबडी वाफ्यात शिरते ती भाजी खायला म्हणून शिरत नाही. ती आधी उभी राहते, मान तिरकी करून एका डोळ्याने जमीन पाहते. मग डाव्या पायाने एक-दोनदा, उजव्या पायाने एक-दोनदा माती मागे फेकते, एक पाऊल मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या जागेत चोच घालते. या एका फेरीत मुळ्याची चार दिवसांची दहा-बारा रोपं मातीखाली जातात, तिला त्यांचा पत्ताही नसतो. बरोबर पिलं असली तर हेच दिवसभर चालतं, कारण ती स्वतःपुरतं उकरत नाही. आणि दुपारी ऊन चढलं की शिंपून भुसभुशीत केलेला वाफा हीच तिची धुळीत लोळायची जागा. तिथे ती बशीएवढा खळगा करून पंख पसरून पडते. अंगातल्या उवा काढायला तिला हे लागतंच. म्हणून जाणत्या घरांत खुराड्याजवळ चुलीची राख आणि कोरडी माती टाकलेली एक जागा असते. राखेची जागा दिली तर वाफ्यातलं लोळणं बरंच कमी होतं. उकरणं कमी होत नाही.

मग उरते वई. काट्यांची, बांबूच्या कांबींची, गिरिपुष्पाच्या खुंटांची, आता बहुधा मच्छीमारांच्या जुन्या जाळ्याची. मिरकरवाडा बंदर जवळ असल्याने रत्नागिरीच्या आसपास हे जाळं स्वस्तात मिळतं, आणि माझ्या मते कोंबडीसाठी त्याच्याइतकं सोयीचं कुंपण नाही. कोंबडी गडग्यावर उडून बसते, कारण तिथे बसायला काठ असतो. सैल जाळ्यावर तिला पाय टेकवता येत नाही, म्हणून ती सहसा प्रयत्नही करत नाही. खाली मात्र दगड लावायला हवेत. पिलं खालून जातात आणि पिलांच्या हाकेला आई कुठूनही वाट काढते. जाळ्यात धामण अडकते, तेवढं रोज पाहावं लागतं.

सगळ्या परसाला वई घालायचं मात्र कारण नाही. अळवाला कोंबडी तोंड लावत नाही. त्यातली खाज आपल्याला शिजवून घालवावी लागते, तिला तर पान कच्चंच खावं लागेल. सुरण, हळद, आलं, मिरवेल, केळ, अननस यांचं ती काही बिघडवत नाही, फार तर बुंध्याची माती उकरते, तिथे चार दगड ठेवले की झालं. मांडवावरचे वेल हातभर चढेपर्यंत जपायचे, त्यासाठी आळ्यावर तळ गेलेलं जुनं डालगं पालथं घालतात. वेल वर गेला की खालची जागा कोंबड्यांची. इथे दोघांचं खरंखुरं जुळतं. कारल्या-पडवळांना फळमाशी लागते, किडकी फळं गळून पडतात, त्यांतल्या अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात. मांडवाखाली फिरणारी कोंबडी गळलेलं फळ फोडते आणि मातीतले कोषही उकरून खाते. हापूसच्या कलमांखालीही ती हेच करते. यासाठी कोणी सापळे लावतं, कोणी औषध मारतं. कोंबड्यांनी फळमाशी संपते असं नाही, पण माशीचं चक्र जमिनीवर तुटतं, आणि फुकट तुटतं.

वईच्या आत ठेवायची ती पालेभाजी, कोथिंबीर, टोमॅटो, मिरचीची रोपं आणि सगळी पेर. यात सगळ्यात नाजूक दिवस मृगाच्या आधी-नंतरचे. तरव्याची पेर झाली की उगवतं भात कोंबड्यांपासून राखायचं असतं, ते आपल्यापुरतं नव्हे, शेजाऱ्याचंही. वाडीतली निम्मी भांडणं या आठवड्यातली. म्हणून पूर्वीपासूनचा अलिखित नियम असा की पेरीच्या दिवसांत कोंबड्या कोंडायच्या आणि भात झोडून झालं की मोकाट सोडायच्या, मग खळ्यावर सांडलेलं धान्य सगळ्या वाडीच्या कोंबड्यांचं. भात आणि कोंबडी यांचं हे नातं फार जुनं आहे. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडलेल्या सर्वांत जुन्या पाळीव कोंबडीच्या हाडांचा काळ इ.स.पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानचा ठरवला गेला आहे, आणि २०२२ मध्ये तो अभ्यास मांडणाऱ्या संशोधकांचं म्हणणं असं की भाताच्या शेतीनेच रानातली लाल कोंबडी माणसाजवळ आली. सह्याद्रीतला आपला करडा रानकोंबडा वेगळ्या जातीचा; पण पाळीव कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, हे २००८ साली जनुकांवरून दाखवलं गेलं.

खताकडे येऊ. पत्रकांत ‘उत्तम खत’ एवढंच असतं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का आणि स्फुरद ०.२ टक्के धरतात. कोंबडीखतात नत्र तीन टक्क्यांच्या आसपास आणि स्फुरद अडीच टक्क्यांच्या वर. त्यात चुनाही असतो. म्हणजे जांभ्याच्या आंबट मातीत ज्या दोन गोष्टींची उणीव, नेमक्या त्याच यात आहेत. घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत हे खत निव्वळ चांगलं, इथे ते औषध आहे. पण ताजी विष्ठा मुळाशी घातली की रोप करपतं आणि पालेभाजीवर पडली तर पोटाच्या आजाराचे जंतू ताटात येतात. ती कुजायला हवी. दहा कोंबड्यांची विष्ठा दिवसाला किलोभर धरली तर तिच्यातली रात्रीची जवळजवळ निम्मी खुराड्यात पडते, बाकीची कलमांखाली, अंगणात, ओटीवर. हाती लागते ती खुराड्यातली. खाली पातेरा किंवा भाताचा तूस घालून ती आठवड्याने उचलायची आणि गायरीत शेणाबरोबर मिसळून पावसापर्यंत ठेवायची. नुसती साठवली तर नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो, खुराडं उघडताना डोळ्यांना झोंबतं ते तेच.

गायरीचा आणखी एक संबंध आहे. नारळाचा सुईसारखा कोंब कातरणारा गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजत्या शेणात आणि पालापाचोळ्यात. त्याच्या पांढऱ्या जाड अळ्या गायरी उपसताना वर येतात, आणि त्या वेळी कोंबड्यांना हाक मारावी लागत नाही. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राच्या (१९५५ पासूनचं) परिसरात गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त हा शेतकऱ्यांच्या विचारण्यातला नेहमीचा विषय असणार. बुरशीचं औषध आहे, सापळे आहेत. गायरी उपसायचा दिवस कोंबड्यांना मोकळं सोडून साजरा करणं हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग.

खाद्य फुकटात होतं, हा मात्र अर्धवट समज. कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणं लागतं. उष्टं-खरकटं, कण्या, कोंडा, किडे, गवत यांवर पाच-सहा गावठी कोंबड्या निभतात, वीस निभत नाहीत. किनाऱ्यावर एक सोय अशी की माशांची डोकी, आतडी, कोलंबीची सालं घरात रोज निघतात. ती उकळून कण्यांत मिसळली की प्रथिनांची मोठी गरज भागते. फार झाली तर अंड्याला हिवसा वास येतो. तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या भाजून कुटून ठेवल्या की अंड्याच्या कवचासाठी लागणारा चुना घरचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरी कोंबड्या पाळणाऱ्याला आपलं रेशनचं अंडं सोडल्यावर पुरवणी खाद्य मिळत असे. तिथल्या सरकारला कळलं होतं की नुसत्या खरकट्यावर कोंबडी अंडं देत नाही. आपल्या योजनांत पिलांचा आकडा असतो, दुसऱ्या महिन्यानंतरच्या खाद्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

योजना म्हणजे काय, तर राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि तीन नर, किंवा एक दिवसाची शंभर पिलं. पक्षी बहुधा गिरिराज, वनराज किंवा तसलेच. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, हे पक्षी शंभराच्या पुढे. वजनही लवकर धरतात. कागदावर निवड सोपी आहे.

परसात ती तितकी सोपी नाही. गावठी कोंबडी पंधरा-वीस अंडी घालून खुडूक बसते, हाच सरकारी हिशेबात तिचा दोष. पण ती खुडूक बसते म्हणूनच एकवीस दिवसांनी पिलं होतात, आणि पुढचे दोन महिने ती पिलं मुंगसापासून, घारीपासून, कावळ्यापासून तीच राखते. सुधारित पक्षी क्वचितच खुडूक बसतात. म्हणजे कळप संपला की पुन्हा उबवणी केंद्राकडे. शिवाय ते अंगाने जड. घारीची सावली पडली की गावठी कोंबडी झुडपात नाहीशी होते, वनराज मात्र मोकळ्यात उभा राहून काय झालं ते पाहतो. म्हणून मला वाडीवाडीतली जुनी युक्ती पटते: सुधारित कोंबड्यांची अंडी गावठी खुडकीखाली रवणाला ठेवायची. अंडं एकीचं, आईपण दुसरीचं. हे कोणत्याच पत्रकात ठळक छापलेलं नसतं.

आणि कोंबडा. अंड्यांच्या हिशेबात तो भुर्दंडच. पण कोकणात राखणदाराला द्यायच्या राखणेला कोंबडा लागतो, तो अमुक रंगाचा लागतो, शिमग्याला लागतो, गणपतीचे पाहुणे विसर्जनानंतर दोन दिवस राहिले तर वड्यांबरोबर लागतो. घरच्या कोंबड्याला त्या वेळी मिळणारी किंमत वजनावर ठरत नाही.

गावठी अंड्याची किंमतही पोषणावर ठरत नाही, हे इथेच सांगून टाकतो. कवचाचा तपकिरी रंग जातीवर अवलंबून, बलकाचा गर्द रंग हिरव्या पाल्यावर. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखी. चव वेगळी असते, ती मीही मान्य करतो आणि जास्तीचे पैसे देतो.

परसातला कळप बुडतो तो मुख्यतः मानमोडीने. १९२६ मध्ये न्यूकॅसलला आणि लगोलग आपल्याकडे राणीखेतला नोंदला गेलेला हा रोग. म्हणून पशुवैद्य त्याला राणीखेत म्हणतात. हिरवट हगवण, मान पिरगळणं, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. यावर लस आहे, स्वस्त आहे, उपयोगी आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बीचं इंजेक्शन. अडचण बाटलीची आहे. लस येते ती शंभर-शंभर मात्रांच्या, किंवा त्याहून मोठ्या बाटलीत. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई शंभर मात्रांचं काय करणार? ती लस घेत नाही. तिचं अडाणीपण यात काही नाही.

बर्ड फ्लू त्यामानाने दूरचा, पण त्याने धास्ती बसवली. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या तेव्हाच दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांतही तो विषाणू सापडला. कावळा प्रत्येक परसात येतो, खरकट्यावर कोंबड्यांच्या शेजारी बसतो. एवढं तरी कळलं की खाणं उघड्यावर फेकायचं नाही आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने उचलायचं नाही.

कोंबड्या असल्या की साप येत नाहीत, हे ऐकीव. लहान विंचू, गोम ती खाते, खरं. पण सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण नि नाग. खुराड्यात हात घालण्याआधी उजेड करावा. माकडं आणि वानर ही त्याहून मोठी पीडा. त्यांच्यापायी लोकांनी काकडी लावायची सोडली, भोपळा सोडला, काही ठिकाणी परसच सोडलं. साळिंदर सुरण उकरतं, रानडुक्कर कणगं-करांदे. जाळ्याची वई कोंबडी अडवते, माकडाला ती शिडी आहे.

यावर कोणाकडे उपाय आहे? कुत्रा आणि घरात माणूस. दुसऱ्या कशाने माकडं हटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि सगळा प्रश्न इथेच येऊन अडतो.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती, २००१ च्या १६,९६,७७७ पेक्षा कमी. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. पुरुष मुंबईत, हे शंभर वर्षांचं चित्र. त्या आकड्यातल्या बायकांनीच हे परस चालवलं. सकाळी खुराडं उघडणं, दुपारी पिलं मोजणं, शेजारणीच्या वाफ्यातून कोंबडी हाकलणं, दिवेलागणीला दार लावणं, यांतलं एकही काम आठवड्याला एकदा करून चालत नाही. त्याबदल्यात अंड्यांचे पैसे घरच्या बाईचे, ते कोणी विचारायचे नाहीत. आता तिची सून मुलांच्या शाळेसाठी चिपळूणला, रत्नागिरीला किंवा विरारला असते. वाडीत चारांपैकी दोन घरांना कुलूप, आणि कुलूप लावलेल्या घराच्या आवारात वानर वस्तीला.

देशाचा आकडा उलटं सांगतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या होत्या, त्यांपैकी परसातल्या जवळपास ३१ कोटी ७० लाख. २०१२ पेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. महाराष्ट्रातली एकूण संख्या मात्र त्याच काळात घटली. २०२० पासून ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचतगटांमार्फत पोषण परसबागेची मोहीम चालवली, तिथे वाफे झाले, गोल आखलेल्या सुबक बागा झाल्या, फोटोही झाले. ज्या घरात मे महिन्यात पाणी आणि दिवसभर माणूस होता तिथे त्या टिकल्या.

केरळातल्या घरबागा या बाबतीत तोलून पाहण्यासारख्या. पाऊस आपल्यासारखा, जांभाही आपल्यासारखा, बाहेर गेलेली माणसंही तशीच. पण तिथे पावसाचा दुसरा, परतीचा हंगाम आहे, त्यामुळे कोरडे महिने थोडे. आपल्याला इथले कोरडे सात-आठ महिने कोंबड्यांचे धरायला हवेत आणि चार महिने भाजीचे, म्हणजे पावसात कोंबड्या कमी ठेवायच्या, पाच-सहाच, रक्ती हगवणही मग आटोक्यात राहते. आणि दिवाळीत पिलं काढायची, ती शिमग्यापर्यंत हाताशी येतात.

खात्यांकडून मागायचंच तर पिलं मागू नयेत. वाडीतल्या सगळ्या खुराड्यांना एकाच संध्याकाळी लस टोचायची सोय मागावी, बाटली फोडली की संपेल अशी. पक्षी संध्याकाळी खुराड्यात असतात, सकाळी दहा वाजता कलमांत. सरकारी कामाच्या वेळेत ते सापडत नाहीत, एवढी एक गोष्ट वेळापत्रक करणाऱ्याने लक्षात घेतली तरी पुष्कळ.